प्रत, अस्सल आणि तोतया

जबलपूरहून शहपुरा-दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंडम हे तहसिलीचे गाव आहे. हिरण नदी या परिसरात उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. सभोवार मोह आणि तेंदू, उतारांवर कोदो-कुटकीची शेते, आणि वस्ती बहुतांशी गोंडांची. आपल्यापैकी ज्यांनी मध्य प्रदेशात नोकरीची वर्षे काढली, त्यांना अशा गावाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. दिवसा कचेरीत गर्दी, सायंकाळी विश्रामगृहाच्या ओसरीवर एक खुर्ची, आणि मराठीत बोलायला जवळ कोणी नाही म्हणून मनाशीच चाललेला संवाद. पुढील विचार अशाच संवादातून निघाले. निमित्त मात्र दोन बंदुकांचे झाले.

२०२४ च्या मार्च महिन्यात लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू झाली आणि परिपाठाप्रमाणे परवान्याची शस्त्रे ठाण्यात जमा होऊ लागली. यादी ताडून पाहण्यासाठी मी ठाण्याच्या ओसरीवर बसलो होतो. एक वृद्ध गोंड शेतकरी फडक्यात गुंडाळलेली ठासणीची बंदूक घेऊन आला. इकडे तिला ‘भरमार’ म्हणतात. तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, वर छर्रे आणि चिंधी घालायची, मागे टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा, एवढाच तिचा कारभार. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेताच्या राखणीसाठी लागणाऱ्या अशा बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या काळात जगाने ठासणीची बंदूक केव्हाच टाकून दिली होती, त्या काळात लिहिलेल्या कायद्याने तिला शेतकऱ्याच्या हाती राहू दिले.

मी सहज विचारले, “दादा, ये बंदूक कितनी पुरानी है?”

“आजा के जमाने की है, साहब.”

बंदूक हाती घेऊन पाहिली, तर कुंदा अगदी अलीकडचा दिसला. तसे म्हणताच त्याने सांगितले की, मूळ कुंदा वाळवीने खाल्ला, त्यानंतरचाही एक फुटला, हा तिसरा. घोडा शेजारच्या गावच्या लोहाराने घडवून दिलेला. कमान बदललेली. गज तर हरवला होता, तो नवीन केला. मी हसून म्हटले, “फिर पुराना क्या बचा?”

त्याने क्षणभर विचार केला आणि नळीवर कोरलेल्या क्रमांकावर बोट ठेवले. “नंबर, साहब.”

ओसरीवरची मंडळी हसली, मीही हसलो. नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि या सर्वांखेरीज रथ म्हणून आणखी काही आहे का. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा प्रश्न कुंडमच्या ठाण्यात असा निकालात निघाला. शासनाच्या दृष्टीने ते उत्तर बिनचूकही होते. त्या प्रसंगाचे गांभीर्य मला दोन दिवसांनी कळले.

रविवारी जबलपूरचे एक स्नेही मला भेटायला मुद्दाम कुंडमपर्यंत आले. सारे आयुष्य त्यांनी जबलपूरच्या संरक्षण कारखान्यांत, तपासणीच्या खात्यात घालवले. जबलपूरला १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्या पाठोपाठ देशाच्या नाना भागांतून माणसे आली. त्यांत आपली मराठी माणसेही पुष्कळ होती. स्नेह्यांचा मुलगा खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवरून येणारे चाचणीचे आवाज ऐकतच लहानाचा मोठा झाला. आज तो ब्रिटनमध्ये अभियंता आहे. त्याला तेथे एक छंद लागला आहे, तो म्हणजे एकोणिसाव्या शतकातील ठासणीच्या रायफलींनी लक्ष्यवेध करण्याचा.

हा छंद आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. १८५९ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सच्या स्वारीची धास्ती पसरली, नागरिकांची स्वयंसेवक पथके निघाली आणि त्याच वर्षी राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला. १८६० च्या जुलैत विंबल्डन येथे त्याची पहिली स्पर्धा भरली. व्हिक्टोरिया राणीने दोरी ओढून पहिला बार काढला, तो ४०० यार्डांवरील लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागला. टेकणावर घट्ट बसवलेली ती रायफल जोसेफ व्हिटवर्थ यांची होती. व्हिटवर्थ हे जातिवंत बंदूककार नव्हेत, ते मोजमापाचे उपासक. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण त्यांनी १८४१ सालीच बसवून दिले होते. सैन्याच्या रायफलीचा प्रश्न पुढे आला तेव्हा त्यांनी मँचेस्टरजवळ ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त चाचणीगृह बांधून घेतले, प्रयोग केले आणि षट्कोनी पोकळीची, ०.४५१ इंच व्यासाची नळी सिद्ध केली. १८५७ च्या चाचण्यांत तिने सैन्यातील ०.५७७ इंची एन्फील्डला मागे टाकले. पुढे रिग्बी, गिब्ज, मेटफर्ड यांनी या बारीक नळीच्या रायफलीला अधिक पूर्णत्व दिले. १८७४ साली अमेरिकेत क्रीडमूर येथे आयरिश संघ ठासणीच्या रायफली घेऊन उतरला, आणि मागून भरण्याच्या रायफली वापरणाऱ्या अमेरिकनांकडून ९३४ विरुद्ध ९३१ अशा अवघ्या तीन गुणांनी हरला. त्यानंतर ठासणीचा काळ सरला.

शंभर वर्षांनी त्या कलेला पुन्हा पालवी फुटली. ब्रिटनमध्ये १९५२ साली ठासणीच्या नेमबाजांचा संघ निघाला, १९७१ साली आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली. जुन्या रायफली मोजक्या आणि महाग. म्हणून प्रतिकृती करणारे कारखाने पुढे आले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कारखान्याने १९७० च्या दशकात एन्फील्ड रायफली नव्याने घडवल्या. इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपिया येथे १९५७ पासून पेदेर्सोली यांचा कारखाना आहे. स्पर्धेच्या नियमांत अस्सल जुन्या आणि प्रतिकृती अशा बंदुकींचे स्वतंत्र वर्ग आढळतात. दोघींनाही मान आहे. फक्त कोण कोणत्या पंगतीला बसले आहे ते ठाऊक असावे लागते.

आता स्नेह्यांची गोष्ट. मुलाने १८६० च्या दशकातील अस्सल म्हणून एक रायफल विकत घेतली. रक्कम मोठी होती, आणि तिच्यातील निम्मा भाग स्नेह्यांनी आपल्या निवृत्तीच्या पैशांतून पाठवला होता. मुलाने वर्षभर ती प्रेमाने चालवली, आपल्या मंडळाच्या स्पर्धेत अस्सल रायफलींच्या वर्गात उतरून एक छोटे पदकही मिळवले. मग एके दिवशी मंडळातील एका वृद्ध सभासदाने नळी लाकडापासून वेगळी करून पाहिली. नळीच्या खालच्या अंगाला, जेथे लाकडामुळे डोळा पोहोचत नाही, तेथे पोलाद कानशीने घासून सपाट केलेले होते. आणि त्या घासलेल्या जागेच्या कडेला इटालियन परीक्षणमुद्रेतील एका अक्षराचा शेंडा उरला होता. इटलीत प्रत्येक नळीवर चाचणीची मुद्रा आणि वर्षाचा सांकेतिक शिक्का उमटवतात. कोणीतरी तो पुसला होता, वरच्या पोलादाला रसायनाने वय आणले होते, आणि प्रतिकृतीला पूर्वज म्हणून विकले होते. विकणाऱ्या माणसाचा आता ठावठिकाणा लागत नव्हता.

मुलाने वडिलांना लिहिले होते, “मी काय करू?” स्नेही ते पत्र घेऊन माझ्याकडे आले होते, आणि त्यांचे स्वतःचे मत बनत आलेले होते. ते म्हणाले, “अहो, ज्या भावाने घेतली त्या भावाने विकावी आणि गप्प बसावे. नेम तर तोच लागतो ना? मी चाळीस वर्षे नळ्या तपासल्या. नळी खरी की खोटी हे बार सांगतो, तिचा जन्मदाखला नव्हे. घेणारा आनंदात राहील. आमच्या मुलाला फसवले, त्याचे नुकसान आम्हीच तेवढे का सोसावे?”

हा युक्तिवाद मला लगेच खोडता आला नाही, हे कबूल करतो. किंबहुना त्याला आपल्या दर्शनांतही आधार सापडतो. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने सत् म्हणजे काय याची खूण सांगितली ती अर्थक्रियाकारित्वाची: जे कार्य घडवते ते खरे. मृगजळाने तहान भागत नाही म्हणून ते खोटे. या कसोटीवर मुलाची रायफल सोळा आणे खरी. आणि ज्याने प्रत केली त्याला दोष द्यावा असेही नाही. १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका उतरल्या, तेथील लोहारांनी त्यांची प्रत केली, आणि आज तोड्याच्या बंदुकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा त्या बेटाच्याच नावाने होते. आपल्या इतिहासातही महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराने आग्र्यास युरोपीय धर्तीच्या तोफा आणि बंदुका घडवल्या. १८०३ साली असईच्या रणात त्या फौजेच्या तोफखान्याने इंग्रजांना किती महाग मोल द्यायला लावले ते सर्वश्रुत आहे. आपण नमुना उचलला यात उणेपणा नव्हता. नमुन्यामागची चाचणीगृहे, मोजमापे आणि कारागिरांची पिढी आपण उभी केली नाही, हे खरे दुखणे. प्रत करणे हे शिकण्याचे पहिले पाऊल आहे, आणि जो प्रत करायला लाजतो तो शिकायलाही लाजतो.

मग मुलाच्या रायफलीत खटकते ते काय? विचार करता करता मला आपल्याच कचेरीतील शब्द आठवले. आपल्या दप्तराच्या भाषेत ‘नक्कल’ हा शब्द शिवीसारखा नाही. अस्सल कागद दप्तरात राहतो, पक्षकाराला त्याची नक्कल मिळते. तिच्यावर ‘नक्कल’ असे लिहिलेले असते, तयार करणाऱ्याची व ताडून पाहणाऱ्याची सही असते, तारीख असते, आणि न्यायालयात ती पुराव्याला चालते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या भ्रष्ट झालेल्या पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. ती ज्ञानदेवांच्या काळची पोथी नव्हती, तरी तिचे पावित्र्य कोणी कमी मानले नाही. कारण ती केव्हा आणि कोणी शोधली हे नाथांनीच नोंदवले, आणि तिच्यात कोणी आपली ओवी घालू नये असेही बजावून ठेवले. ही प्रतीची मर्यादा. आपण प्रत आहोत असे जी प्रत सांगते ती प्रामाणिक.

याच्या पलीकडे आपल्या भाषेत तिसरा शब्द आहे, तो म्हणजे ‘तोतया’. पानिपतावर १७६१ साली भाऊसाहेब पडले. काही वर्षांनी एक तोतया उभा राहिला, त्याने मुलूख उठवला, आणि १७७६ साली त्याला पुण्यात देहदंड झाला. या प्रकरणाकडे आपण राजकारणाच्या दृष्टीने पाहतो. पण मला वाटते, तोतयाचे पाप कोणावर घडले हे पाहायचे तर पार्वतीबाईंकडे पाहावे. पती परतेल या आशेने त्या माउलीने अखेरपर्यंत वैधव्य स्वीकारले नाही. तोतयाने राज्य लुटले असते तर तो चोर ठरला असता. त्याने लुटली ती एका स्त्रीची प्रतीक्षा. अस्सलाची कोणीतरी खरोखर वाट पाहत असते, म्हणूनच तोतया उभा राहू शकतो.

स्नेह्यांच्या युक्तिवादातील उणीव मला येथे सापडली. धर्मकीर्तीची कसोटी खरी आहे; पण रायफलीचे कार्य एकच नाही. लक्ष्यवेध हे एक कार्य. ज्याला तेवढेच हवे त्याने प्रतिकृती घ्यावी. नवे पोलाद, निर्दोष नळी, सुटे भाग मिळण्याची सोय, ही तिची बाजू उजवीच असते. पण जो मनुष्य जास्तीचे मोल देऊन जुनी रायफल घेतो, तो दुसऱ्या एका कार्यासाठी घेतो. विंबल्डनच्या हिरवळीवर ज्यांनी हीच नळी खांद्याला लावली त्या माणसांशी हात जुळावा, एवढीच त्याची इच्छा असते. हे कार्य प्रतिकृती करू शकत नाही. शिंपल्यावर रुपे भासते, हा वेदान्तातला दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. त्यात शिंपल्याचा अपराध नसतो, पाहणाऱ्याचाही नसतो. तो भ्रम असतो. पण कोणी तो शिंपला रुप्याच्या भावाने विकला, तर भ्रम संपतो आणि लबाडी सुरू होते. घेणारा सुखात राहील म्हणून लबाडी पुण्य होत नाही.

आणि त्याच्या सुखाची तरी हमी कोठे आहे? येथे मी स्नेह्यांपुढे कायद्याची गोष्ट ठेवली, आणि तिने ते प्रथमच थबकले. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे जुनी बंदूक केवळ कुतूहलाची वस्तू म्हणून बाळगली तर परवाना लागत नाही. ती झाडायची असेल तर लागतो. नवीन प्रतिकृतीला मात्र पहिल्या दिवसापासून परवाना हवा, मग ती भिंतीवर टांगलेली का असेना. आपल्याकडेही १९५९ च्या कायद्यातून सुटका मिळते ती दुरुस्तीनेही चालू न शकणाऱ्या कालबाह्य शस्त्राला. आणि २०२० च्या नियमदुरुस्तीने पुराणवस्तू म्हणून बाळगण्यास परवाना नको असे म्हटले, तरी ती वापरण्यास, बाळगून हिंडण्यास वा वाहून नेण्यास परवाना ठेवलाच आहे. परदेशातून अशी रायफल आणणे तर सामान्य नागरिकाला जवळजवळ बंदच आहे; ती मुभा नामवंत नेमबाजांना. मी म्हटले, “समजा, मुलाने गप्प राहून ही रायफल एखाद्या संग्राहकाला अस्सल म्हणून विकली, आणि त्या बिचाऱ्याने ती कुतूहलाची वस्तू समजून परवान्यावाचून भिंतीवर लावली. गुन्हेगार कोण झाला? ज्याला काहीच ठाऊक नाही तो. तुमच्या मुलावरचे ओझे हलके व्हावे म्हणून ते एका निरपराध माणसाच्या घरात नेऊन ठेवायचे का?”

स्नेही बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एक वेगळाच प्रश्न काढला, आणि तो माझ्या मते अधिक अवघड होता.

ते म्हणाले, “तुम्ही अस्सलाचे एवढे गोडवे गाता. पण त्या काळातल्या अस्सल एन्फील्डने आपल्या माणसांचे काय केले ते जबलपुरात राहून तुम्ही विसरलात? माझ्या मुलाची रायफल खोटी निघाली हे कळल्यावर, खरे सांगू, मला थोडे बरेच वाटले. हिने कोणाला मारलेले नाही.”

जबलपूर हे विसरू देणारे शहर नव्हे. १८ सप्टेंबर १८५७ या दिवशी गढा-मंडल्याच्या राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना येथे तोफेच्या तोंडी दिले. त्याच रात्री ५२ वी देशी पलटण उठली. त्या वर्षीच्या वणव्याची ठिणगी याच एन्फील्डच्या चरबी लावलेल्या कागदी काडतुसावरून पडली होती. ठाण्यात बंदूक जमा करणारा तो म्हातारा ज्या समाजातला, त्याच समाजाचे ते राजे.

त्या उठावानंतर इंग्रजांनी केलेली एक गोष्ट या चर्चेत मला फार अर्थपूर्ण वाटते. देशी पलटणींसाठी त्यांनी १८५८ चा नवा नमुना काढला. दिसायला ती बंदूक थेट एन्फील्ड. तोच कुंदा, तोच घोडा, तीच राजमुद्रा. पण नळीच्या आतील पिळदार खाचा तेवढ्या काढून टाकलेल्या आणि पोकळी ०.६५६ इंचांपर्यंत रुंदावलेली. खाचा गेल्या म्हणजे गोळीला मिळणारा पीळ गेला, पीळ गेला म्हणजे नेम गेला. देशी शिपायाच्या हाती रायफलीचे रूप दिले आणि तिचा धर्म काढून घेतला. पुराणवस्तूंच्या बाजारात आज ही बंदूक निःसंशय अस्सल ठरते. तिच्या मुद्रेवर कोणी कानस चालवलेली नाही, तिचे वय खरे आहे, तिला घडवणारे हात खरे आहेत. आणि तरीही ती एक खोटी वस्तू आहे. कारण ती ज्या विश्वासाचे सोंग घेते तो विश्वास तिच्यात नाही. मुलाच्या रायफलीचे वय खोटे, पण नळी खरी. १८५८ च्या बंदुकीचे वय खरे, पण नळी अविश्वासाची. या दोघी समोरासमोर ठेवल्या म्हणजे अस्सलपणा हा केवळ वयाचा किंवा मुद्रेचा गुण नव्हे, हे मान्य करावे लागते.

पण स्नेह्यांच्या समाधानात मी सहभागी होऊ शकलो नाही. हिने कोणाला मारलेले नाही, हे खरे. पण म्हणून हिला काही आठवतही नाही. खाचा काढलेली ती बंदूक संग्रहालयात उभी असते तेव्हा ती साक्षीदार असते. राज्यकर्त्याला आपल्याच शिपायाचे भय कसे वाटत होते, हे तिच्या नळीत बोट घालून पाहता येते. प्रतिकृतीला पातक नाही, पण तिला साक्षही देता येत नाही. मग माणसाने दोन्हींची जागा ओळखावी. साक्ष द्यायची ती अस्सलाने, आणि तिच्याशी खेळ करू नये. शिकायचे, सराव करायचा, चुरस करायची ती प्रतिकृतीने, आणि तिने साक्षीदाराचा आव आणू नये. पदके जिंकण्यासाठी तोफेच्या तोंडी गेलेल्यांची आठवण उसनी घ्यावी लागत नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला जगज्जेतेपद मिळवले, त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले. त्यांच्या रायफलींना इतिहास नव्हता, त्यांच्या नेमाला होता.

सायंकाळ झाली. मोहाच्या फुलांचा वास येत होता. स्नेह्यांनी विचारले, “मग काय लिहू? पुसलेली मुद्रा पुन्हा कोरून घे, असे लिहू का? जुन्या ठशाबरहुकूम कोरणारे लोक असतात.”

मी म्हटले, “ते तर मुळीच नको. ती दुसरी लबाडी होईल. आपल्या दप्तरात नोंद चुकली तर आपण काय करतो? खाडाखोड करत नाही. एक रेघ मारतो, वर दुरुस्ती लिहितो, सही करतो, तारीख घालतो. जुने लेखन वाचता आले पाहिजे आणि दुरुस्ती कोणी केली तेही कळले पाहिजे. मुलाने एक पितळेची पट्टी कुंद्याच्या आत बसवावी. तिच्यावर लिहावे: ही प्रतिकृती आहे, मुद्रा कोणी पुसली ते ठाऊक नाही, हे अमुक तारखेला कळले. आणि खाली आपले नाव.”

“आणि पदक?”

याचे उत्तर मी दिले नाही. ते त्यांना ठाऊक होते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. मुलाने पदक परत केले. मंडळाने त्याला दोष दिला नाही, पण त्या दिवशीची गुणपत्रिका मात्र बदलली, आणि दुसऱ्या क्रमांकाचा गृहस्थ पहिला झाला. पैसे बुडाले ते बुडालेच. स्नेही अजूनही त्याबद्दल हळहळतात, आणि मी त्यांना हळहळू नका असे सांगत नाही. सचोटीने वागल्यावर तोटा होत नाही, असे शाळेतील धड्यात असते. प्रत्यक्षात पुष्कळदा होतो, आणि तो घरच्या माणसांनाही सोसावा लागतो. रायफल मुलाने विकली नाही. ती आता प्रतिकृतींच्या वर्गात उतरते. पट्टी आत आहे. नळी उतरवल्याशिवाय ती दिसत नाही, पण जो उतरवून पाहील त्याला वाचता येते.

जूनमध्ये निवडणूक आटोपली, आचारसंहिता उठली आणि शस्त्रे परत देण्याचे काम सुरू झाले. पावसाची चिन्हे दिसत होती. पेरणी झाली की रानडुकरे पिटाळायला बंदूक हवी म्हणून शेतकऱ्यांची घाई होती. तो म्हातारा आला. हवालदाराने फडक्यात गुंडाळलेली बंदूक त्याच्या हाती दिली. त्याने कुंद्याकडे पाहिले नाही, घोड्याकडे पाहिले नाही. नळी उजेडाकडे वळवली, क्रमांकावरून अंगठा फिरवला, यादीतला क्रमांक मला मोठ्याने वाचायला सांगितला, आणि दोन्ही जुळल्यावर त्याच अंगठ्याने ठसा उमटवला.

“ठीक है, साहब,” तो म्हणाला, “मेरी ही है.”